उत्तर चुकलं, पण कोणत्या वाटेनं?

चौथीतल्या एखाद्या मुलाच्या वहीत ही चार उदाहरणं आहेत असं समजा.

६४ − २१ = ४३
५२ − २७ = ३५
८१ − ४६ = ४५
७०३ − २५८ = ५५५

चारपैकी एक बरोबर. बहुतेक वह्यांत यापुढे तीन लाल फुल्या येतात आणि खाली शेरा येतो, 'लक्ष देऊन सोडव'. मला या शेऱ्याचा मनापासून राग येतो, कारण या मुलाचं लक्ष जराही उडालेलं नाही. बावन्न वजा सत्तावीसमध्ये एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले आणि पाच लिहिले. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, उरले तीन. एक्क्याऐंशी वजा सेहेचाळीसमध्येही त्यानं तेच केलं. तीन अंकी उदाहरणात तर तिन्ही घरांत केलं आणि ५५५ हे उत्तर आलं. त्याचा नियम पक्का आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, वर कोणता आणि खाली कोणता हे बघायचं नाही. बिनहातच्याच्या वजाबाकीत हाच नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून पहिलं उदाहरण सुटलं.

आता त्याच मुलाला ९० − ३४ घाला. तो ६४ लिहील. मूल समोर नाही, त्यानं पेन्सिलही उचललेली नाही, तरी त्याचं चुकणारं उत्तर आपण आधीच सांगू शकतो. त्याच्या डोक्यात जी कृती चालते तिची एक नक्कल आपल्या हाती आली आहे. ती कागदावर पायरी पायरीनं लिहिली, संगणकाला दिली आणि संगणकही त्या मुलासारखंच ३५, ४५, ५५५ आणि ६४ लिहू लागला, की ते त्या मुलाच्या वजाबाकीचं मॉडेल झालं. कॉग्निटिव्ह सायन्स या विषयात शिरायला मला यापेक्षा चांगलं दार माहीत नाही.

या विषयाचा मूळ प्रश्न असा: माणूस ओळखतो, आठवतो, बोलतो, शिकतो, ठरवतो, तेव्हा आत नेमक्या कोणत्या क्रिया कोणत्या क्रमानं होतात? मानसशास्त्र, भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र ही सगळी आपापल्या बाजूनं या प्रश्नाला भिडतात. विद्यार्थ्यांना मात्र या पाच शास्त्रांची यादी आधी सांगितली तर त्यांच्या डोळ्यांवर झापड येते. आधी एक मॉडेल हातात द्यावं, ते चालवून बघू द्यावं. कोणतं शास्त्र कुठं लागतं ते त्यांचं त्यांनाच कळतं.

पण संगणकच कशाला, शब्दांत सांगितलं तर काय बिघडतं? शब्दांना पळवाटा फार असतात. फोनवरून एखाद्याला पोळ्या करायला शिकवताना 'कणीक जरा सैलसर मळ' म्हणून भागतं, कारण उरलेलं ऐकणारा स्वतःच्या अंदाजानं भरून काढतो. संगणक काहीही भरून काढत नाही. 'मुलाला वजाबाकीची संकल्पना समजलेली नाही' हे वाक्य कुणीही मान डोलावून ऐकून घेईल, पण त्यावरून प्रोग्रॅम लिहायला बसलात तर पहिल्याच ओळीला अडाल. समजलेली नाही म्हणजे नक्की काय? शून्य आल्यावर तो काय करतो? दशक मोडल्यावर दशकाच्या घरात एक कमी करायला विसरतो, की कमी करायचा असतो हेच त्याला ठाऊक नाही? प्रोग्रॅम प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मागतो. शिवाय तो चालवला की उत्तर देतो, आणि ते उत्तर खऱ्या मुलाच्या उत्तराशी ताडून बघता येतं.

ताडून बघताना काय बघायचं, यावरच सगळं अवलंबून आहे. कॅल्क्युलेटरला ५२ − २७ विचारा, तो २५ सांगतो आणि कधीच चुकत नाही. मुलाच्या मनाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. बरोबर उत्तराकडे जाणाऱ्या वाटा अनेक असतात आणि पोहोचल्यावर कोण कुठून आलं ते दिसत नाही. चुकीचं उत्तर मात्र वाटेची खूण मागे ठेवतं. म्हणून मनाचं मॉडेल तपासताना मी आधी हे विचारतो: माणूस जिथं चुकतो तिथं हे चुकतं का, आणि तसंच चुकतं का?

७०३ − २५८ कडे पुन्हा वळू. बरोबर उत्तर ४४५. समजा दोन मुलींनी ४५५ लिहिलं आहे. चूक तीच, म्हणजे दोघींच्या मनात एकच गोष्ट चालली असणार असं वाटेल. तपासून बघू.

पहिलीनं एककाच्या घरात तेरातून आठ काढले, पाच उरले. दशक मोडायला गेली तर तिथं शून्य. शून्यातून एक कसा काढणार? तिनं शून्य तसाच ठेवला आणि पुढे सरकली. दशकाच्या घरात शून्यातून पाच जाईनात, म्हणून तिनं रीतसर शतक मोडलं, दहातून पाच काढले, पाच उरले. शतकाच्या घरी सहातून दोन गेले, उरले चार. उत्तर ४५५.

दुसरीला एककासाठी दशक मोडायचं होतं, तिथं शून्य दिसला. तिनं शून्यावरून उडी मारून थेट सातातून एक घेतला, साताचे सहा केले आणि तो एक एककाला दिला. तेरातून आठ गेले, पाच उरले. दशकाच्या घरात 'शून्य वजा पाच' आलं तेव्हा तिनं सरळ पाच लिहिले. शतकाच्या घरी सहातून दोन गेले, चार उरले. तिचंही उत्तर ४५५.

अंक तेच, पण दोन मुली, दोन वेगळ्या प्रक्रिया. पहिलीला शून्यातून उसनं घ्यायचं कसं ते कळलेलं नाही. दुसरीच्या दोन वेगवेगळ्या चुका एकात एक मिसळल्या आहेत. दोघींना एकच उपाय सांगितला तर निदान एकीवर तरी अन्याय होईल. मग ओळखायचं कसं? नवं उदाहरण मुद्दाम रचून. ७०३ − २०८ द्या. बरोबर उत्तर ४९५. पहिली शून्य तसाच ठेवते, शतकाला हातही लावत नाही, म्हणून तिचं उत्तर येईल ५०५. दुसरी सातातून एक घेते, म्हणून तिचं येईल ४०५. एका उदाहरणानं दोघी वेगळ्या झाल्या.

कॉग्निटिव्ह सायन्समधलं प्रयोगाचं कसब बरंचसं याच जातीचं असतं. दोन मॉडेल आतापर्यंतची सगळी माहिती सारखीच समजावून सांगत असतील, तर ज्या प्रश्नावर ती वेगळी उत्तरं देतील असा प्रश्न शोधायचा आणि तो माणसाला विचारायचा.

वजाबाकीवरचं हे काम खरोखर झालेलं आहे. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी 'बग्गी' नावाच्या प्रोग्रॅमचं वर्णन प्रसिद्ध केलं. प्रोग्रॅममधल्या दोषाला बग म्हणतात, तेच नाव त्यांनी मुलांच्या पद्धतीतल्या दोषाला दिलं. वजाबाकीची बरोबर रीत त्यांनी लहान लहान कृतींत मोडली. त्यातली एखादी कृती काढून टाकली किंवा तिच्या जागी सदोष कृती बसवली, की एक विशिष्ट चुका करणारं 'मूल' तयार होतं. निकाराग्वातल्या हजाराहून जास्त शाळकरी मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांनी अशा दोषांशी ताडून पाहिल्या. ज्या चुका वरवर बेफिकिरीच्या वाटत होत्या त्यांतल्या पुष्कळशा मागे ठरावीक नियम निघाले.

बग्गीचा एक उपयोग मला फार आवडतो. शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी त्याचा खेळ केला. संगणक एका चुकणाऱ्या मुलाचं सोंग घेतो. शिक्षकानं त्याला उदाहरणं घालायची, उत्तरं बघायची आणि दोष ओळखायचा. 'कळलं' असं म्हटलं की लगेच पुरावा द्यायचा: संगणक नवीन उदाहरणं देतो, आणि ते मूल ती कशी चुकवेल ते शिक्षकानं स्वतः लिहून दाखवायचं. आपल्याकडे डी.एल.एड.च्या वर्गात हा खेळ कागद-पेन्सिलनंही खेळता येईल. एकानं दोष ठरवून मनात ठेवायचा, बाकीच्यांनी उदाहरणं घालून तो हुडकायचा.

पण दोषांची यादी म्हणजे अजून पूर्ण स्पष्टीकरण नाही. हेच दोष का येतात, दुसरे का येत नाहीत? मुलं दशकाच्या घरात अचानक गुणाकार करत नाहीत, किंवा उत्तर उलट्या क्रमानंही लिहीत नाहीत. १९८० साली ब्राउन आणि कर्ट व्हॅनलेन यांनी याला उत्तर सुचवलं. मूल अर्धवट शिकलेली रीत घेऊन पुढे जातं आणि एका जागी अडतं, बहुतेक वेळा शून्यापाशी. संगणक अडला की थांबतो, मूल थांबत नाही. पेपर सोडवायचाच असतो, म्हणून ते तिथल्या तिथे काहीतरी डागडुजी करतं: ती पायरी गाळतं, शेजारच्या घराकडे वळतं, नाहीतर अंकांची अदलाबदल करतं. अडण्याच्या जागा थोड्या आणि डागडुजीचे प्रकार थोडे, म्हणून दोषही ठरावीकच. या सिद्धांतातून एक अनपेक्षित भाकीत निघालं. अडण्याची जागा तीच राहिली तरी डागडुजी बदलू शकते, म्हणजे तेच मूल आज एका तऱ्हेनं आणि दोन दिवसांनी दुसऱ्या तऱ्हेनं चुकेल, पण दोन्ही चुका त्याच जागी असतील. मुलांच्या उत्तरांत तसं आढळलं. ज्या बदलत्या चुकांकडे बघून शिक्षक 'याचं काही खरं नाही' म्हणतात, त्यांच्या तळाशीही एक धागा होता.

या विचाराची सुरुवात वजाबाकीच्या बरीच आधीची. १० ते १२ सप्टेंबर १९५६ या दिवसांत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये माहितीशास्त्रावर परिषद झाली. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं, नोम चोम्स्की यांनी भाषेच्या रचनेवर निबंध वाचला, जॉर्ज मिलर अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेवर बोलले. पुढे मिलर या परिषदेतला ११ सप्टेंबर हाच या शास्त्राचा जन्मदिवस मानत. न्यूएल, सायमन आणि क्लिफ शॉ यांच्या त्या 'लॉजिक थिअरिस्ट' प्रोग्रॅमनं रसेल आणि व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध करून दाखवली.

३८ हा आकडा नेहमी कौतुकानं सांगितला जातो. मला त्यानंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. न्यूएल आणि सायमन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तर्काची कोडी घातली आणि सोडवताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायला सांगितलं. 'हे इथं नेऊन बघू... नाही, उजवी बाजू वेगळी आहे... मग आधी ती बदलायला हवी...' असं सगळं टिपून घेतलं आणि आपल्या पुढच्या प्रोग्रॅमनं टाकलेल्या पायऱ्यांशी ओळीला ओळ लावून पाहिलं. प्रोग्रॅमनं कोडं सोडवलं एवढ्यावर ते थांबले नाहीत. माणूस जिथं अडखळला, चुकीच्या वाटेला लागून परत फिरला, तिथं प्रोग्रॅमही परत फिरला का, हे त्यांनी पाहिलं.

याच घराण्यातली मॉडेल 'जर-तर' नियमांवर चालतात. जर एककात वरचा अंक लहान असेल, तर दशक मोडण्याचं उद्दिष्ट ठेव. जर ते उद्दिष्ट असेल आणि दशकात शून्य असेल, तर शतकाकडे जा. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन यांनी असे नियम, स्मृती आणि प्रत्येक कृतीला लागणारा वेळ एकत्र बांधून एक मोठा सांगाडा उभारला. त्यातूनच बीजगणित शिकवणारे संगणकी शिक्षक निघाले, आणि ते १९९०च्या दशकात पिट्सबर्गच्या शाळांत वापरले गेले. मूल सोडवत असतानाच ते कोणत्या नियमानं चाललंय याचा अंदाज हे प्रोग्रॅम घेत आणि तिथंच टोकत.

नियम आधीच लिहून दिलेल्या मॉडेलांत एक मोठा प्रश्न मात्र उरतो: हे नियम आले कुठून? तीन वर्षांच्या मुलाला व्याकरण कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्याच्या चुकांतही नियम दिसतो. मराठी घरांत हे रोज ऐकू येतं. मूल आधी 'केलं' असं बरोबर म्हणतं. काही महिन्यांनी तेच मूल 'मी करलं' म्हणू लागतं, घरात कुणीही तसं बोलत नसताना. भर-भरलं, धर-धरलं, मग कर-करलं. कालांतरानं ते पुन्हा 'केलं'वर येतं. इंग्रजी मुलं अशीच 'गो'चं (जाणे) भूतकाळी रूप 'वेंट' सोडून 'गोड' (goed) म्हणतात आणि नंतर परत येतात. बरोबर रूपांचा आलेख काढला तर आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर.

१९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅकलेलंड यांनी दाखवलं की नियम कुठंही न लिहिताही असं वागणं उभं राहू शकतं. त्यांच्या न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवरच्या प्रोग्रॅममध्ये, एका बाजूला ४६० साधे घटक, दुसऱ्या बाजूला ४६०, आणि त्या बाजूचा प्रत्येक या बाजूच्या प्रत्येकाशी जोडलेला. क्रियापदाचं मूळ रूप ध्वनींच्या तुकड्यांत मोडून एका बाजूनं आत जातं, दुसऱ्या बाजूनं भूतकाळाचं रूप बाहेर पडतं. ते चुकलं की ज्या जोडण्यांमुळे चुकलं त्यांचा जोर थोडा कमी-जास्त करायचा. बस, एवढंच. आधी त्यांनी १० अतिपरिचित क्रियापदं शिकवली, त्यातली ८ अनियमित. नंतर आणखी ४१० घातली, त्यातली ३३४ नियमित. नेटवर्क आधी बरोबर बोलत होतं, नव्या क्रियापदांच्या लोंढ्यात 'गोड'च्या धर्तीवर चुकू लागलं आणि मग हळूहळू सावरलं. अगदी लहान मुलासारखं.

खूप गाजलं हे. १९८८ साली स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी त्याची चिरफाड केली, आणि ती चिरफाड विद्यार्थ्यांनी मूळ मॉडेलइतकीच मन लावून समजून घ्यावी असं मला वाटतं. पहिला मुद्दा: आलेख खाली आला तो १० वरून एकदम ४२० वर उडी मारल्यामुळे. शिकवण्याचा क्रमच तसा ठेवला होता. खऱ्या मुलाच्या कानावर क्रियापदं अशा दोन हप्त्यांत पडत नाहीत. जे समजावून सांगायचं होतं ते नकळत खुराकातूनच भरवलं गेलं. दुसरा मुद्दा चुकांच्या जातीचा. 'मेल' (टपालानं पाठवणे) या साध्या क्रियापदाचं भूतकाळी रूप त्या नेटवर्कनं 'मेम्बल्ड' असं काढलं. 'गोड' म्हणणारी मुलं घरोघरी सापडतात, पण 'मेम्बल्ड' म्हणणारं मूल कुठं आढळत नाही. नेटवर्क चुकतं हा आक्षेप नव्हता. ते माणसाच्या वाटेनं चुकत नाही, हा होता.

पुढे गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली इंग्रजी मुलांच्या बोलण्याच्या नोंदी चाळून अशा चुकांचं प्रमाण मोजलं. ते साधारण अडीच टक्के निघालं, आई-वडिलांना वाटतं त्याच्या मानानं फारच थोडं. म्हणजे मॉडेलला आता नुसता आकार जुळवून भागेना, प्रमाणही जुळवावं लागलं. वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि इतकी वर्षं तो निष्फळ भांडण न होता अधिकाधिक नेमका होत गेला, याचं श्रेय दोन्ही बाजूंनी चालवून बघता येतील असे दावे केले याला आहे.

आजचे विद्यार्थी इथं हमखास विचारतात, चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेल म्हणजे मनाची मॉडेल का? तीही न्यूरल नेटवर्कच, रुमेलहार्ट-मॅकलेलंड यांच्याच वंशातली. ती बांधण्यामागचा हेतू उपयोगी उत्तर देण्याचा आहे, माणसासारखं चुकण्याचा नाही. पण हेतू काहीही असो, कसोटी लावायला हरकत नाही. खुराक बघा: मूल वयात येईपर्यंत त्याच्या कानावर पडणारे शब्द फार तर काही कोटींच्या घरात असतात, मोठ्या भाषा-मॉडेलांना लाखो कोटी शब्द वाचायला मिळतात. म्हणूनच २०२३ साली सुरू झालेल्या 'बेबीएलएम' या उपक्रमात संशोधकांनी स्वतःवर १० कोटी शब्दांची मर्यादा घालून घेतली. मुलाच्या शिदोरीवर किती शिकता येतं ते पाहायचं म्हणून. आणि मग चुका बघा. एखादं वाक्य वाचताना माणूस जिथं थबकतो तिथं मॉडेललाही तो शब्द अनपेक्षित वाटतो का, हे मोजता येतं आणि मोजलं जातं. काही बाबतींत जुळतं, काहींत मुळीच जुळत नाही. 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देण्यापेक्षा कुठं जुळतं आणि कुठं तुटतं याची नोंद ठेवणं जास्त शहाणपणाचं.

आपल्याकडे हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकायची सोय आहे. आयआयटी कानपूर, आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठ ही त्यातली परिचित ठिकाणं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलं गणित आणि विज्ञान कसं शिकतात यावर संशोधन चालतं. पण पहिलं मॉडेल करायला प्रवेशपरीक्षेची वाट बघायचं कारण नाही. एक्सेल पुरतं, एक्सेल नसेल तर आखीव वही पुरते.

१९७२ साली येल विद्यापीठातल्या रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी शिकण्याचं एक सूत्र मांडलं. शब्दांत ते असं: नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक वेग गुणिले 'जे घडलं वजा जे अपेक्षित होतं'. घंटा वाजली आणि खाऊ मिळाला, तर 'घडलं' म्हणजे १. सुरुवातीची अपेक्षा ०. वेग, म्हणजे एका वेळी किती शिकायचं ते, ०.३ धरू. पहिल्या वेळी आश्चर्य, म्हणजे 'घडलं' वजा 'अपेक्षित', पूर्ण १, म्हणून अपेक्षा ०.३. दुसऱ्या वेळी आश्चर्य ०.७, त्याचे तीन दशांश ०.२१, अपेक्षा ०.५१. मग ०.६६, ०.७६, ०.८३. दहाव्या वेळी ०.९७. सुरुवातीला झपाट्यानं आणि नंतर रेंगाळत चढणारा हा आलेख प्राण्यांच्या शिकण्यात दिसतो तसाच आहे.

खरी गंमत दोन खुणा एकदम आल्यावर कळते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लिओन कॅमिन यांनी उंदरांना आधी आवाजानंतर विजेचा हलका झटका दिला. उंदीर आवाजाला घाबरायला शिकले. मग आवाज आणि दिवा एकत्र, आणि पुन्हा झटका. शेवटी नुसता दिवा दाखवला, तर उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत. दिवा आणि झटका वारंवार बरोबरीनं आले होते, तरीही. 'दोन गोष्टी एकत्र आल्या की मनात जोडल्या जातात' ही शतकानुशतकांची समजूत इथं कोसळते.

आता तुमच्या तक्त्यात दोन रकाने करा, एक आवाजाचा, एक दिव्याचा. अपेक्षा म्हणजे दोघांची बेरीज. पहिल्या दहा ओळींत फक्त आवाजाचा आकडा वाढवा, तो ०.९७२ वर येईल. अकराव्या ओळीपासून दोन्ही खुणा हजर. पण आता आश्चर्य उरलंय जेमतेम ०.०२८. त्यातून दिव्याला पहिल्या वेळी मिळतात ०.००८, आणि कितीही ओळी पुढे नेल्या तरी तो ०.०१४ च्या वर जात नाही. ताडून बघायला दुसरा तक्ता करा, ज्यात पहिल्या दहा ओळी नाहीतच, दोन्ही खुणा सुरुवातीपासून एकत्र. तिथं दिवा ०.५ पर्यंत चढतो. उंदीर दिव्याला का घाबरत नाही याचं उत्तर तुम्हीच लिहिलेल्या आकड्यांत आहे: झटका आधीच अपेक्षित होता, दिव्यानं नवीन काहीच सांगितलं नाही. पुढे १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूतल्या, डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत याच आश्चर्याची खूण सापडली. अनपेक्षितपणे फळांचा रस प्यायला मिळाला की पेशी उसळतात, अपेक्षित रस मिळाला तर स्वस्थ राहतात, आणि अपेक्षित रस मिळालाच नाही तर मंदावतात. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा मेळ या सूत्राच्याच एका विकसित रूपाशी घालून दाखवला.

एवढं जमल्यावर मॉडेल कुठं तुटतं ते शोधायला लागा. तक्त्यात आवाज वीस वेळा नुसताच वाजवा, झटका नाही. अपेक्षा ०, घडलं ०, फरक ०, म्हणून वीसही ओळींत शून्यच. मग झटका सुरू करा. आकडे चढतील ते अगदी पहिल्या तक्त्यासारखेच, कारण सूत्राच्या दृष्टीनं त्या वीस ओळी घडल्याच नाहीत. खऱ्या प्राण्यांत तसं होत नाही. जो आवाज पूर्वी निरर्थक ठरला आहे, त्याला घाबरायला ते उशिरा शिकतात. निकोलस मॅकिन्टॉश यांनी १९७५ साली, आणि जॉन पिअर्स व जेफ्री हॉल यांनी १९८० साली, यावर दोन वेगवेगळे उपाय सुचवले, पण दोन्हींचा रोख एकाच जागेवर होता: आपण बिनधास्त ०.३ लिहिला तो वेग. तो कायम धरू नका, एखाद्या खुणेकडे लक्ष द्यायचं की नाही हेही अनुभवातून बदलू द्या. तक्त्यात वेगासाठी तिसरा रकाना घाला आणि तो आधीच्या ओळींवरून कसा ठरवायचा ते तुम्हीच सुचवून बघा. वीस ओळी शून्याच्या गेल्यावर तुमचा वेग किती खाली येतो, आणि त्यानंतर झटका आल्यावर तो परत चढतो की नाही, हे आधी तपासा.